बिनधन्याचं नाव

१

हिवाळ्यात बेर्सी सकाळची कॉफी घेऊन थेट मेंढवाड्यात जाई. आधी दिवा लावी, मग गव्हाणीत वाळलेलं गवत टाकी, आणि मग दार उघडून बाजूला उभा राही. पुढचं काम त्याचं नव्हतं. ते म्होरक्या मेंढीचं.

सगळ्या पांढऱ्या कळपात ती एकटीच काळी-पांढरी, उंच, लांब मानेची. दार उघडलं की ती उंबऱ्यावर येऊन बाहेर बघत राही. दिवस बरा वाटला तर ती बाहेर पडे आणि तिच्यामागून अख्खा कळप किनाऱ्याच्या चरणीकडे निघे. वादळाची चाहूल लागली तर उंबऱ्यावरच आडवी उभी राही. मग बेर्सीने ढकललं, शिव्या घातल्या, तरी ती हलत नसे आणि तिला ओलांडून एकही मेंढी बाहेर पाय टाकत नसे. रेडिओवरचा हवामानाचा माणूस कैकदा चुकला होता. मेंढी चुकली नव्हती.

तिचं नाव सिन. तिच्या आईचंही सिन, आणि त्या आईच्या आईचंही. हे नाव बेर्सीच्या आईने पहिल्या मेंढीला ठेवलं होतं. जुन्या देवांच्या कथांत सिन नावाची एक देवी आहे. ती महालाच्या दारावर उभी असते, आणि ज्याने आत यायचं नाही त्याच्या तोंडावर दार लावून घेते. तिच्या नावाचा अर्थच नकार. पूर्वी न्यायसभेत कुणी आरोप नाकारला, तर त्याने सिनला पुढे केलं असं म्हणत. देवीबद्दल याहून जास्त कुणाला माहिती नव्हतं, आणि ते नाव लावणारी बाई बेर्सीने आयुष्यात पाहिली नव्हती. पण दार अडवणाऱ्या मेंढीला ते शोभत होतं.

कळप निघाला की बेर्सी पुढे अंगणात जाई, मागे न बघता "सिन!" अशी हाक मारी आणि हात पाठीमागे धरी. हातात काळ्या पावाचा तुकडा. मेंढी येऊन तो ओठांनी उचले. झालं. दिवस सुरू.

त्या सोमवारी मेंढी उंबऱ्यावर आली तेव्हा बेर्सी म्हणाला, "फ्लेक्का."

मेंढीने कान हलवला.

"आजपासून तू फ्लेक्का. ठिपकेवाली. तुझं जुनं नाव काढून घेतलंय. माझ्याकडे डोळे काढून बघू नकोस. माझ्या लेकीला जाऊन विचार."

मेंढी त्याच्याकडे बघत राहिली. मग वळली, कळपातून वाट काढत पार मागच्या भिंतीशी गेली आणि साध्या मेंढ्यांमध्ये अंग टाकून बसली. असं तिने कधी केलं नव्हतं. दार सताड उघडं, अडवायला कुणी नाही, आणि तरी एकही मेंढी बाहेर येईना. सगळ्या दाराकडे बघत उभ्या.

"मरा मग आत," म्हणून बेर्सी बाहेर आला आणि त्याने दार ओढून घेतलं. डोकं तापलेलं होतं. अंगणाच्या मध्यावर आल्यावर जिभेच्या वळणाने त्याच्या तोंडून हाक गेली. "सिन!" हातही मागे गेला.

बर्फ करकरला. सावकाश पावलं जवळ आली आणि बोटांतला तुकडा कुणीतरी हळूच काढून घेतला.

"आली का अक्कल?" असं म्हणत बेर्सी वळला.

अंगण रिकामं होतं. मेंढवाड्याचं दार लावलेलं. त्याने जाऊन उघडलं. काळी-पांढरी मेंढी मागच्या भिंतीशी तशीच बसली होती, रवंथ करत.

त्याने बर्फात तुकडा शोधला. सापडला नाही. डोमकावळ्याने नेला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण कावळा चालत येत नाही. आणि मेंढीने नेला असता तर बोटांना ओल लागली असती.

बोटं कोरडी होती.

२

सगळं सुरू झालं ते आदल्या दिवशीच्या जेवणावर. बेर्सीची एकुलती एक लेक ल्योतुन बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि बाळ आता महिन्याचं झालं होतं. मुलगी. गुरुवारी पाद्रीण हालबेरा घरी येऊन बाप्तिस्मा करणार होती. थिस्टिल खाडीच्या त्या बाजूला डोक्यावर पाणी पडेपर्यंत बाळाचं नाव फक्त आईबापांना ठाऊक असतं, आणि तेही ते मोठ्याने घेत नाहीत. तोवर कुणी छकुली म्हणतं, कुणी चिमणी. बेर्सी तिला बोचकं म्हणे.

नावाची त्याला काळजी नव्हती. त्याची बायको डोमहिल्दुर दोन हिवाळ्यांपूर्वी गेली होती. आजी गेली, नात आली. यात ठरवायचं काय?

"बाबा, तुला एक विचारायचंय," ल्योतुन म्हणाली. "खरं म्हणजे सांगू नये. पण नाव तुझ्या घरातलं आहे, म्हणून विचारते."

"विचारतेस कसली? घरातलंच नाव लागणार. तुझी आई काय परकी होती?"

"आईचं नाही बाबा. सिन."

बेर्सी धुरावलेल्या मांसाचे काप काढत होता. त्याने सुरी खाली ठेवली. "ती मेंढी आहे."

"आधी देवी होती."

"आधी काय होतं ते सोड. आता मेंढी आहे. शाळेत पोरीचं नाव पुकारलं की अख्खा वर्ग बें बें करेल."

जावई हॉग्नी हसला. तो मासेमारीच्या बोटीवर कामाला होता, आणि दोन दिवसांनी पुन्हा समुद्रावर जायचा होता.

"तू दात काढू नकोस," बेर्सी म्हणाला. "तुमच्या गोठ्यातल्या बैलाला काय म्हणतात? पुढच्या पोराला तेच ठेव."

"बैलाचं नाव हॉग्नी आहे," हॉग्नी म्हणाला. "मी शेत सोडून बोटीवर गेलो, त्या वर्षी बापाने ठेवलंय."

ल्योतुनला हसू आवरेना. बेर्सीला मात्र हसू आलं नाही. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "तुझी आई आली होती का?"

हा प्रश्न तो उन्हाळ्यापासून पोटात धरून होता. गेलेल्या माणसाला आपलं नाव मागे राहावंसं वाटलं, तर ते पोटुशी बाईच्या स्वप्नात येऊन मागतं. बेर्सीचं स्वतःचं नावही असंच एका बुडालेल्या काकाने मागून घेतलेलं. डोमहिल्दुर येणार याची त्याला खात्री होती. लेक आज सांगेल, उद्या सांगेल, म्हणून तो गप्प बसला होता.

"आई नाही आली," ल्योतुन म्हणाली. "दुसरीच आली. आपल्या घराच्या दारात उभी होती. पाठ माझ्याकडे, दोन्ही हात चौकटीला टेकवलेले. मी म्हटलं, कोण गं तू, नाव हवंय का? तिने मान न वळवता नाव सांगितलं. मागितलं नाही बाबा, नुसतं सांगितलं. आणि बाहेर बघत राहिली."

"बाहेर कोण होतं?"

"ते तिने दिसू दिलं नाही."

बेर्सी उठला. एवढी वाट बघून हाती हे आलं. सख्ख्या आईला सोडून कुणा पाठमोऱ्या बाईचं नाव.

"घे मग," तो म्हणाला. "मेंढीचं उष्टं नाव माझ्या नातीला नको, म्हणून मेंढीकडून काढून घेतलं. उद्यापासून ती फ्लेक्का. पण पोरीला ते नाव या घरात लागणार नाही. बाप्तिस्मा हवा असेल तर आधी नाव बदल. हालबेराला मीच कळवतो, गुरुवारी येऊ नकोस म्हणून."

"थांबा थांबा," हॉग्नी म्हणाला. "म्हणजे नाव मेंढीचंही नाही आणि पोरीचंही नाही. मग आहे कुणाचं?"

"कुणाचंच नाही," बेर्सी म्हणाला, आणि फोनकडे गेला.

३

सोमवारी दुपारी घराचं पुढचं दार चार बोटं उघडं सापडलं.

बेर्सीने ते लावलं. तासाभराने पुन्हा चार बोटं. वारा नव्हता. त्याने कडीचे स्क्रू पिळले. संध्याकाळी पुन्हा उघडं. मंगळवारी त्याने दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, खालची कड रंध्याने तासली, पुन्हा बसवलं, नवा खटका लावला. खटका असा बसला की लावताना घर दणाणे. तो हात धुऊन आला तर दार चार बोटं उघडं.

"दार म्हातारं झालंय," हॉग्नी म्हणाला. तो पिशवी खांद्याला लावून निघाला होता.

"मीही झालोय. मी कुठे उघडा पडतो?"

"बेर्सी, एक सांगू? तुम्ही त्या दाराशी भांडताय, पण राग आहे तो ल्योतुनवर. पोरीला नाव लागू द्या. माझ्या परत येण्याची वाट बघू नका. मला नाव आवडलंय. छोटं आहे. बोटीवरून हाक मारायला बरं."

"तुझ्या बैलाला माझा नमस्कार सांग," बेर्सी म्हणाला.

हॉग्नीची गाडी वळणाआड गेल्यावर तो दारापाशी स्टूल टाकून बसला. म्हटलं, बघूच. किती वेळ बसला कोण जाणे. दार हललं नाही. ल्योतुनने आतून हाक मारली, त्याने मान वळवून "काय गं?" म्हटलं, आणि पुन्हा समोर बघितलं तर फटीतून बर्फाचा पांढरा पट्टा दिसत होता.

खटक्याचा आवाज आला नव्हता. त्या खटक्याचा आवाज न येणं शक्य नव्हतं. त्याने चारदा लावून, उघडून पाहिलं. चारही वेळा घर दणाणलं, बाळ दचकून रडलं, आणि ल्योतुन आतून ओरडली, "बाबा, त्या दाराचा पिच्छा सोड!"

मेंढ्या मंगळवारीही बाहेर पडल्या नाहीत. काळी-पांढरी मागच्या भिंतीशीच बसून होती. बेर्सीने तिला पाव दाखवला, शिंग धरून ओढली, उंबऱ्यावर आणून उभी केली. हात सोडताच ती परत गेली. काम काढून घेतलेल्या माणसासारखी.

४

डोमहिल्दुर बाहेरून आली की बूट आपटून बर्फ झाडत असे. डावा दोनदा, उजवा एकदा. उजवा गुडघा दुखायचा म्हणून एकदाच. दाराच्या आत बूट काढायची छोटी खोली होती. तिथून तो आवाज आला की स्वयंपाकघरात बसलेला बेर्सी उठून कॉफीचं भांडं चुलीवर ठेवी. तेवढं एक काम तो न सांगता करी.

बुधवारी दुपारी तो वर्तमानपत्र वाचत होता. डावा दोनदा, उजवा एकदा. बेर्सी उठला, भांडं ठेवलं, पुन्हा येऊन बसला. पान उलटल्यावर त्याच्या ध्यानात आलं की कॉफी आपण कुणासाठी ठेवली.

बुटांच्या खोलीत कुणी नव्हतं. फरशीवर वितळलेल्या बर्फाचं पाणी होतं. छपरावरून बर्फ घसरला असेल, आणि फटीतून आत उडाला असेल. त्याने फडकं आणून पुसलं. गुडघ्यांवर बसून पुसताना त्याला कुणाला तरी चार शिव्या द्याव्याशा वाटल्या, पण द्यायच्या कुणाला?

गुरुवारी तोच आवाज. या वेळी पाणी बुटांच्या खोलीत नव्हतं, तिच्यापुढच्या बोळात होतं. ल्योतुन बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात आली. तोंड उतरलेलं.

"ऐकलंस?" बेर्सी म्हणाला.

"छपरावरून बर्फ पडला."

"बर्फ डावा-उजवा करत नाही. तुझी आई आहे ती. नाव मागायला आलीय. स्वप्नात त्या पाठमोरीने तिला येऊ दिलं नाही, म्हणून जागेपणी आलीय. आता तरी ऐक."

"आई असती तर दार उघडं टाकलं म्हणून आधी तुझ्यावर ओरडली असती."

हे खरं होतं.

"आणि आईने एकच गोष्ट तीनतीनदा कधी मागितली होती? एकदा सांगायची. नाही झालं तर स्वतः करायची."

"मेल्यावर माणूस नरम पडत असेल."

"तू काय पडशील! तू वर जाऊनही खटके बसवशील." ती हसली नाही. "बाबा, मी हालबेराला फोन केला. गुरुवार नको म्हणालास, ते मोडून ये म्हटलं. ती निघायला तयार होती. पण सकाळपासून रस्ता बंद आहे. वादळ थांबलं की बर्फ काढणारी गाडी येईल, मग ती येईल."

वादळ. बेर्सीने खिडकीबाहेर बघितलं. कुंपण दिसत नव्हतं. घरात दूध थोडं होतं, गवत वरच्या कोठारात अडकलेलं. एवढं मोठं वादळ त्याला आधी कळलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. कळवणारी मागच्या भिंतीशी बसली होती.

"येऊ दे तिला," तो म्हणाला. "नाव माझ्या बायकोचंच लागेल."

"तुझ्या बायकोने मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का रे?" ल्योतुनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी अख्खा उन्हाळा वाट बघितली. रोज झोपताना आईला सांगायची, ये गं. तुला काय वाटतं, मला दुसरं कुणी हवं होतं?"

बेर्सी आणखीच चिडला आणि दार पुन्हा लावायला बोळात गेला.

५

शुक्रवारी जेवणानंतर थोडा वेळ उजेड आला आणि गेला. रात्रभर बाळाला घेऊन बसलेली ल्योतुन मागच्या खोलीत पाळण्याशेजारी खुर्चीतच झोपली. बेर्सी दारापाशी गेला. दार चार बोटं उघडं होतं.

पुरे झालं, त्याने ठरवलं. हे अर्धवट कुणाला पाहिजे? यायचं तर ये, नाहीतर जा. त्याने दार सताड उघडलं आणि पुढे दगड ठेवला. स्वयंपाकघरात येऊन दोन कप मांडले, दोन्हींत कॉफी ओतली. तिथून बोळाचा एक तुकडा दिसत असे, बुटांची खोली दिसत नसे.

डावा दोनदा, उजवा एकदा. मग मोज्यांतली पावलं. बोळातून आली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीच्या अलीकडे, दिसणार नाही अशा जागी थांबली.

"डोमहिल्दुर?"

"हं."

तिचाच हुंकार. नाकातून येणारा, थोडा वर जाणारा. बेर्सीने बाहीने डोळे पुसले. दोन हिवाळे त्याने कुणासमोर डोळे ओले केले नव्हते.

"ये ना. कॉफी ओतलीय."

"हं."

"पोरगी ऐकत नाही माझं. मेंढीचं नाव ठेवते म्हणते."

"हं."

"म्हटलं, तुझ्या आईचं ठेव. चुकलं का माझं?"

"हं."

बेर्सीने कप हातात घेतला, तसाच खाली ठेवला. लग्न झाल्यापासून त्याला सलग तीन वाक्यं तिच्यासमोर पुरी करता आली नव्हती. दुसऱ्याला ती तोडायचीच. आता त्याचं प्रत्येक वाक्य पुरं होत होतं. त्याला वाटलं, तोड गं. एक तरी तोड.

"दार उघडं टाकलंय मी," तो मुद्दाम म्हणाला. "घरभर बर्फ आलाय. खिडकीतली तुझी झाडं मरतील."

"हं."

तोच हुंकार. तेवढाच लांब, तेवढाच वर जाणारा. त्यात ना राग, ना माया. बेर्सीने अंगठा बोटांवरून फिरवला. सोमवारी अंगणात त्याने डोमहिल्दुरला हाक मारली नव्हती. मेंढीचं नाव घेतलं होतं. ते कुणाचंच नव्हतं, आणि तरी कुणीतरी आलं होतं.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "साउमूर."

साउमूर त्याचा कुत्रा होता. त्याला जाऊन खूप वर्षं झाली होती. कुंपणाच्या भिंतीखाली बेर्सीने स्वतःच्या हाताने पुरला होता.

बोळातल्या लाकडावर नखं वाजली. टिक टिक टिक. इकडून तिकडे, आणि परत.

इथे थांबायला हवं होतं. पण अर्धी तपासणी करून उठणारा तो माणूस नव्हता. त्याने ओठ ओले केले आणि म्हणाला, "बेर्सी."

बोळात कुणीतरी खोकलं. म्हातारं, वैतागलेलं. बेर्सी गेली कित्येक वर्षं तो खोकला आपल्या छातीतून ऐकत आला होता.

जे कुठल्याही नावाला ओ देतं, त्याला स्वतःचं नाव नसतं. एवढं त्याला कळलं. आणि घरात तसं आणखी एक जण होतं. मागच्या खोलीत, पाळण्यात, महिन्याचं.

मोज्यांतली पावलं चौकटीपासून दूर झाली. मागच्या खोलीकडे निघाली, बिनघाईची.

६

बेर्सी धावला असं म्हणता येणार नाही. त्याचे गुडघे धावण्याजोगे नव्हते. भिंतीला हात लावत तो बोळातून गेला. फरशी ओली होती, आणि आपले मोजे भिजताहेत याचाही त्याला त्या क्षणी संताप आला.

मागच्या खोलीत दिवा नव्हता. खिडकीतून बर्फाचा करडा उजेड येत होता. ल्योतुन खुर्चीत, हनुवटी छातीवर. पाळण्यावर कुणीतरी वाकलेलं होतं. अंगात तपकिरी लोकरीचा स्वेटर, गळ्याभोवती पांढरी नक्षी. तो स्वेटर बेर्सीने स्वतः शवपेटीत ठेवला होता. स्वेटर बरोबर होता. केसही बरोबर होते. फक्त ते जिथून वाकलं होतं, तिथून माणूस वाकत नाही.

तोंड त्याने बघितलं नाही. बघायला थांबला असता तर पुढचं काही त्याच्या हातून झालं नसतं.

स्टुलावर बाळाला पुसायच्या पाण्याचा वाडगा होता. पाद्री नसेल आणि वेळ आली असेल, तर पाणी कुणीही घालू शकतं. त्या बाजूला हे सगळ्यांना ठाऊक असतं. बेर्सीने हात पाण्यात बुडवला आणि पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला गेला. जिभेवर नाव तयार होतं. दोन हिवाळे तयार होतं.

"डोम..."

वाकलेली पाठ सरळ होऊ लागली. हाक ऐकली की माणूस होतो तशी.

बेर्सीने दात मिटले. त्या नावात आधीच कुणीतरी शिरून बसलं होतं. तो आयुष्यात खूप गोष्टींना नाही म्हणाला होता, रागाने, हट्टाने, सवयीने. हा नकार त्या कशातला नव्हता. त्याने ओला हात पोरीच्या कपाळावर ठेवला. त्याची बाही लोकरीला घासली. लोकर कोरडी होती.

"सिन," तो म्हणाला. पुन्हा पाणी घेतलं. "बापाच्या, पुत्राच्या." पुन्हा घेतलं. "पवित्र आत्म्याच्या नावाने. सिन. ऐकलंत सगळ्यांनी? हिचं नाव सिन."

पोरगी किंचाळून रडली. कुणी गेलं असं बेर्सीला दिसलं नाही. पाळण्यावर कुणी नव्हतं, एवढंच दिसलं. आणि घराच्या पुढच्या बाजूला, दगड लावून सताड उघडं ठेवलेलं दार असं आपटलं की स्वयंपाकघरातले कप वाजले.

ल्योतुन दचकून उठली. "काय झालं? बाबा, तू इथे काय करतोयस? ही भिजलीय कशाने?"

"पाणी घातलं तिला."

"कसलं पाणी?"

"नावाचं. तुला हवं होतं ते."

ल्योतुन काही बोलणार, तोच बाहेरून आवाज आला. दाराच्या पलीकडून, वादळातून, पण स्वच्छ. आता तो हुंकार नव्हता.

"बेर्सी. हे काय चालवलंयस? दार उघड."

ल्योतुनचा हात तोंडावर गेला. "आई..."

"बस खाली," बेर्सी म्हणाला.

"बेर्सी, तू दवाखान्यात काय म्हणाला होतास? सकाळी घरी नेतो म्हणालास. माझे बूटसुद्धा आणून ठेवलेस खाटेखाली. मी वाट बघत होते ना रे. तू गाडी गरम करायला गेलास, आणि..."

बेर्सीने पाळण्याची कड धरली. ते बूट तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते. नर्सलाही नाही. ल्योतुनलाही त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"बाबा, ती खरंच आई असेल तर?" ल्योतुन रडत होती. "बाबा, बाहेर किती थंडी आहे."

"असेल," बेर्सी म्हणाला. "मला नाही कळत. मला आता काहीच कळत नाही. पण दार उघडायचं नाही."

बाहेरचा आवाज बोलत राहिला. कधी रागावे, कधी आर्जवं करी. बेर्सीने एकदा उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिने त्याचा शब्द सुरू व्हायच्या आतच तोडला. अगदी पूर्वीसारखा. त्याने डोळे मिटून घेतले.

पोरगी रडायची थांबली होती. तिच्या कपाळावरचा एक थेंब ओघळून डोळ्याकडे निघाला. ल्योतुनने नाक ओढलं, शालीचा कोपरा धरला आणि पुसायला वाकली.

बेर्सीने तिचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "नावाचं पाणी आहे. आपोआप वाळू दे."